सामाईक फोल्डर

एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असल्या, तर प्रत्येक प्रोग्रॅम दोनदा बसवावा लागतो, हे मला फार काळ पटत नव्हतं. डिस्क तीच, फाइली त्याच, मग एकदाच बसवून दोन्हीकडून का वापरू नयेत? या हट्टापायी जे गेलं त्यातलं काही माझं होतं, काही दुसऱ्यांचं. दुसऱ्यांच्या गेलेल्या मजकुराची बोच अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी साताऱ्यात घरूनच मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. २००३च्या सुमारास माझ्याकडे विंडोज ९८ होतं आणि ते सोडणं शक्य नव्हतं. अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमबरोबर एक हार्डवेअर लॉक यायचं. आम्ही सगळे त्याला डोंगल म्हणत असू. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीवर. ९८मध्ये प्रोग्रॅमला पोर्टशी थेट बोलता यायचं. एक्सपी मात्र विंडोज एनटीच्या घराण्यातलं. तिथे कोणत्याही प्रोग्रॅमला परस्पर पोर्टला हात लावता येत नाही, मध्ये ड्रायव्हर लागतो. माझ्या जुन्या आवृत्तीसोबत आलेला ड्रायव्हर एक्सपीला चालत नव्हता, आणि नवी आवृत्ती घेण्याइतके पैसे नव्हते.

एक्सपीवाचूनही भागत नव्हतं. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली ती विंडोज २०००पासून, मंगल फॉण्टसह. लेखक ईमेलनं मराठी मजकूर पाठवायला लागले होते. ९८मध्ये तो मजकूर वाचताच यायचा नाही. पेन ड्राइव्ह लावायचा तरी ९८ला वेगळा ड्रायव्हर द्यावा लागे. म्हणून एकाच संगणकावर दोन्ही बसवली. सुरू करताना यादी यायची, त्यातून हवं ते निवडायचं.

हार्ड डिस्क २० जीबीची होती. एक्सपीलाच किमान दीड जीबी मोकळी जागा हवी असायची. मुखपृष्ठांची स्कॅन केलेली चित्रं, तयार पुस्तकांची पानं, फॉण्टचे संच यांनी डिस्क कायम काठोकाठ भरलेली. अशा वेळी तोच प्रोग्रॅम दोन जागी ठेवणं मला उधळपट्टी वाटत होती. डिस्कचे तीन भाग केले होते: पहिल्यावर ९८, दुसऱ्यावर एक्सपी, तिसरा कामासाठी. तिसरा भाग मुद्दाम फॅट३२ पद्धतीचा ठेवला, कारण ९८ला एनटीएफएस वाचता येत नाही. त्या तिसऱ्या भागावर मी एक फोल्डर केलं आणि ठरवलं, की दोन्हीकडचे प्रोग्रॅम यातच बसवायचे. सेटअप ९८मधून चालवायचा, मग एक्सपीमधून, आणि दोन्ही वेळा तेच फोल्डर दाखवायचं. म्हणजे फाइली एकच, नोंदी दोन्हीकडे.

यातली पहिली चूक फाळणी करतानाच झाली होती, मला ती कळायला वेळ लागला. एक्सपीचा भाग मध्ये होता आणि तो एनटीएफएस होता. ९८ला तो दिसायचाच नाही, त्यामुळे ९८ तिसऱ्या भागाला ‘डी’ म्हणायचं. एक्सपीला तिन्ही दिसायचे, त्याच्या लेखी तो ‘ई’. जागा एक आणि पत्ते दोन. पानं लावायचा पेजमेकर हा प्रोग्रॅम दोन्हीकडे चालायचा, आणि त्यात पानावर लावलेली चित्रं त्यांच्या पूर्ण पत्त्यानं लक्षात ठेवली जातात. ९८मध्ये रचलेलं पान एक्सपीत उघडलं, की प्रोग्रॅम प्रत्येक चित्र कुठे आहे ते विचारत बसायचा. एक्सपीत ड्राइव्हची अक्षरं बदलता येतात, पण विंडोज ज्या भागावर बसलं आहे त्याचं अक्षर बदलता येत नाही. आणि मला हवं असलेलं ‘डी’ नेमकं त्याच भागाकडे होतं. सामाईक भाग मध्ये आणि एक्सपीचा शेवटी, एवढाच क्रम उलटा घेतला असता तर दोन्हीकडून तो ‘डी’च राहिला असता. आता हे सगळं पुन्हा बसवायचं म्हणजे हातातली पुस्तकं थांबवायची. मी ते टाळलं आणि चित्रांचे पत्ते हातानं दुरुस्त करत राहिले. त्या वेळी दोन दिवस काम थांबवलं असतं तर बरं झालं असतं.

नावांचाही एक गोंधळ होता, तो थोडक्यात सांगते. एक्सपीत मी हौसेनं प्रकरणांच्या फाइलींना मराठी नावं द्यायला लागले. ९८मध्ये पाहिलं तर त्या जागी नुसत्या अधोरेषा, आणि फाइल उघडायला गेलं तर उघडत नाही. पुन्हा सगळी नावं रोमन लिपीत करून घेतली.

खरी हानी झाली ती अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममुळे, म्हणजे त्याच्याशी मी जे वागले त्यामुळे. तो एक्सपीत चालत नाही हे माहीत असूनही मला वाटलं, निदान बसवून पाहावा. एक्सपीतून सेटअप चालवला आणि सवयीनं तेच सामाईक फोल्डर दाखवलं. सेटअपनं पाहिलं, की हे एनटी घराण्यातलं विंडोज आहे, आणि डोंगलशी बोलणारी फाइल त्या घराण्याला साजेशी टाकली. नाव तेच असल्यामुळे ९८ची फाइल तिच्याखाली गेली. एक्सपीत प्रोग्रॅमला डोंगल सापडलंच नाही. मी ९८मध्ये परत आले, तर आता तिथेही प्रोग्रॅम उघडेना. पडद्यावर संदेश यायचा तो, संगणकाला जोडलेलं एखादं उपकरण चालत नाही अशा अर्थाचा.

मी उपकरण या शब्दावर विश्वास ठेवला. माझ्या संगणकाला जोडलेलं उपकरण म्हणजे डोंगल, ते बिघडलं, असं मी धरून चालले. ते काढलं, पिना पुसल्या, पुन्हा लावलं, प्रिंटरची केबल काढून नुसतं लावलं, दुसऱ्या ऑपरेटरकडे नेऊन तिच्या संगणकावर लावून पाहिलं. तिथे ते नीट चालत होतं. पुष्कळ नंतर समजलं, की ९८मध्ये एखाद्या प्रोग्रॅमला हवं असलेलं फंक्शन सिस्टिमच्या फाइलीत सापडलं नाही तरी हाच संदेश येतो. उपकरणाचा त्याच्याशी संबंध नसतो. एनटीसाठी लिहिलेली फाइल ९८कडे जे मागत होती ते ९८जवळ नव्हतं, एवढाच अर्थ.

डोंगल ठीक आहे म्हटल्यावर मी ठरवलं, की घोळ एक्सपीतल्या बसवणीनं केला आहे, तर ती काढून टाकू. निदान बरोबर होतं, उपाय घातक निघाला. एक्सपीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन प्रोग्रॅम काढायला सांगितला. काढणारा प्रोग्रॅम स्वतःजवळची यादी पाहतो: या फोल्डरमध्ये मी कोणत्या नावाच्या फाइली ठेवल्या? त्या एकेक पुसत जातो. त्या फाइली शेजारचं विंडोजही वापरतं आहे, हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो. एका विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे नोंदवही, दुसरं विंडोज वाचत नाही. सगळं फोल्डर रिकामं झालं. ९८मधली चिन्हं जागच्या जागी होती, त्यांच्यामागे काही उरलं नव्हतं.

प्रोग्रॅम गेला याचं मला काही वाटलं नाही. सीडी होती. मी लगेच ९८मध्ये सीडी घातली, प्रोग्रॅम पुन्हा त्याच जागी बसवला, तो उघडलाही. मग एका पुस्तकाचं शुद्धलेखन तपासायला घेतलं आणि पान लाल रेघांनी भरून गेलं.

त्या प्रोग्रॅममध्ये आपले शब्द साठवायची सोय होती. तपासणीत अडलेला शब्द बरोबर असेल तर तो यादीत टाकायचा, पुढच्या वेळी तो अडत नाही. मी ही यादी वर्षानुवर्षं वाढवली होती. सातारा-पाटण भागातली आडनावं, वाड्यावस्त्यांची नावं, शेतीतले शब्द: वरकस, खाचर, कुमरी. संतसाहित्यावरच्या पुस्तकांतून आलेली जुनी रूपं. प्रत्येक शब्दामागे कुणाला तरी विचारलेलं असायचं, कधी लेखकाला, कधी माझ्या सासूबाईंना. ही यादी प्रोग्रॅम स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवत होता. सेटअप सुरुवातीला त्या नावाची एक रिकामी फाइल टाकतो, म्हणून काढणाऱ्याच्या यादीत तिचं नाव होतं. आत माझी कित्येक वर्षं होती हे त्याला दिसणार नव्हतं.

मी दर आठवड्याला सीडीवर प्रत काढायची. पुस्तकांची, चित्रांची, हिशेबाची. प्रोग्रॅमच्या फोल्डरची कधीच काढली नाही, कारण प्रोग्रॅम काय, सीडीवर आहेच. मी मनात एक रेघ ओढली होती: इकडे प्रोग्रॅम, तिकडे माझं काम. ती रेघ दोन्ही अंगांनी चुकीची होती. प्रोग्रॅम फक्त त्याच्या फोल्डरात नव्हता. त्याचे तुकडे विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात होते, नोंदी रजिस्ट्रीत होत्या, फॉण्ट तिसरीकडे होते. म्हणूनच फोल्डर सामाईक करून प्रोग्रॅम सामाईक होत नव्हता. आणि माझं काम फक्त माझ्या फोल्डरात नव्हतं, थोडं त्याच्यातही होतं. हे दोन्ही एकाच दुपारी कळलं.

ती यादी कदाचित परत मिळाली असती. फॅट३२मध्ये फाइल पुसली म्हणजे तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि तिची जागा मोकळी आहे अशी नोंद होते. मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो. आणि मी त्याच ड्राइव्हवर, घाईघाईनं, तोच प्रोग्रॅम पुन्हा बसवला होता. पुसलेली फाइल शोधणारा प्रोग्रॅम आणून पाहिलं. यादीचं नाव सापडलं, पण आत सेटअपच्या फाइलीचे तुकडे होते. काही हरवलं असं लक्षात आल्यावर पहिलं काम म्हणजे त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज कुणाचा असा फोन आला, तर मी पहिलं वाक्य हेच बोलते.

एवढं झाल्यावर मी सामाईक प्रोग्रॅमचा नाद सोडायला हवा होता. काही काळ सोडलाही. ९८ गेलं, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, एक्सपी एकटंच राहिलं. मग लिनक्स घराण्यातलं उबुंटू आलं. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ची, आणि मागितली तर सीडी फुकट घरपोच यायची. मीही मागवली. युनिकोड मराठी, इंटरनेट, पत्रव्यवहार यांसाठी मला ते फार आवडलं. रोज सकाळी टपाल उबुंटूत पाहायचं आणि पानं एक्सपीत लावायची, असं सुरू झालं.

पत्रं पाहायचा थंडरबर्ड हा प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो. त्याचं प्रोफाइल, म्हणजे सगळी पत्रं आणि मांडणी, कुठल्याही फोल्डरात ठेवता येतं आणि दोन्हीकडच्या थंडरबर्डला तेच दाखवता येतं. हे मी केलं, आणि हे मुळात चूक नव्हतं. इथे प्रोग्रॅम दोनदा बसवलेला होता आणि सामाईक होता तो फक्त मजकूर. पुष्कळ दिवस ते उत्तम चाललं. चूक झाली ती संगणक बंद करण्याच्या रीतीत.

त्या काळात भारनियमन जोरात होतं. वीज गेली की यूपीएस ओरडायला लागायचा. एक्सपीत दहा गोष्टी उघड्या असायच्या, त्या एकेक मिटत बसण्याऐवजी मी हायबरनेट करायची. स्मृतीत जे काही आहे ते सगळं डिस्कवर उतरवून संगणक पूर्ण बंद, आणि पुन्हा सुरू केल्यावर जिथे होतो तिथेच. वीज आली की मात्र घाईत पत्रं पाहायला मी यादीतून उबुंटू निवडायची. म्हणजे एक्सपी झोपलेलं, त्यात थंडरबर्ड उघडा, आणि त्याच फोल्डरात उबुंटूतला थंडरबर्ड नवी पत्रं लिहितो आहे. थंडरबर्ड दुहेरी वापर टाळायला एक कुलूप-फाइल ठेवतो, पण विंडोजमधली कुलूप-फाइल वेगळ्या नावाची आणि लिनक्समधली वेगळ्या, एकाची दुसऱ्याला कळत नाही. त्याहून वाईट डिस्कचं होतं. झोपलेल्या एक्सपीच्या स्मृतीत सामाईक ड्राइव्हचा जुना नकाशा होता: कोणती जागा भरलेली, कोणती मोकळी. जागं झाल्यावर ते तोच नकाशा खरा धरतं आणि डिस्कवर लिहितं. मधल्या वेळात उबुंटूनं भरलेली जागा त्याच्या लेखी मोकळीच असते. ड्राइव्ह एनटीएफएस असता तर उबुंटूनं बहुधा तो जोडायलाच हरकत घेतली असती. फॅट३२ निमूटपणे जोडला गेला.

काही वेळा निभावलं. एके दिवशी एक्सपी जागं झालं आणि थंडरबर्डचा इनबॉक्स अर्ध्यावर तुटला. थंडरबर्ड एका फोल्डरातली सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलीत ठेवायचा, त्यामुळे धक्का एका पत्राला बसला नाही, सगळ्या साठ्याला बसला. डिस्क तपासायला लावली तेव्हा ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात तुकडे जमा झाले, नावं नसलेले, नुसते क्रमांक. पत्रांची फाइल म्हणजे साधा मजकूर, म्हणून मी ते तुकडे नोटपॅडमध्ये उघडून शोधायला बसले. तारखा, पाठवणाऱ्याचा पत्ता, विषयाच्या जागी काही संकेत, एवढंच वाचता येत होतं. मराठी पत्रं टपालातून जाताना बहुतेक वेळा बेस६४ नावाच्या सांकेतिक रूपात जातात: रोमन अक्षरं आणि आकडे यांच्या सलग ओळी. त्यात ‘प्रकरण’ किंवा ‘दुरुस्ती’ शोधून काही सापडत नाही. एकेक तुकडा उलगडावा लागला, आणि शेवटच्या आठवड्याची पत्रं त्यांत नव्हतीच.

त्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांच्या दुरुस्त्या आल्या होत्या. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांवर त्यांचं पुस्तक होतं. गावं नाहीत, नकाशावर नावं नाहीत, उठून गेलेली माणसं वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरलेली. सरांनी त्यांना गाठून घराघरांची, शेतांची, पाणवठ्यांची नावं जमवली होती. प्रूफावरच्या दुरुस्त्या ते सांगायचे आणि त्यांचा नातू टाइप करून पाठवायचा. सरांना मोतीबिंदूचा त्रास होता. मी फोन केला.

“सर, तुमच्या शेवटच्या दुरुस्त्या माझ्याकडून गेल्या. संगणकाची चूक नाही, माझीच आहे.”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, वहीत आहेत माझ्या. पण अक्षर मलाच लागत नाही आता. नातू परीक्षेला बसलाय. तुम्ही येता का?”

मी गेले. त्यांच्या ओट्यावर बसून वही मी वाचायची, त्यांनी आठवून सांगायचं, मी लिहून घ्यायचं. वहीत काही ठिकाणी नुसती खूण होती. काय बदलायचं ते फक्त त्या पाठवलेल्या पत्रात होतं. त्यातल्या दोन-तीन जागा सरांना आठवल्या नाहीत. एका पाणवठ्याचं नाव त्यांनी मला फोनवर कुणाकडून तरी मिळवून दिलं, बाकीच्या जागी मूळ वाक्य तसंच ठेवलं. पुस्तक छापून झालं. त्या पानांवरची ती वाक्यं त्यांना हवी होती तशी नाहीत, हे त्यांना आणि मला दोघांनाच माहीत आहे. सरांनी एका शब्दानं बोल लावला नाही. त्यामुळे माझं ओझं हलकं झालं नाही.

त्या ओट्यावर मी आणखी एक काम केलं. त्यांच्या वहीतली सगळी नावं एका साध्या युनिकोड मजकूर-फाइलीत उतरवली, अकारविल्हे, आणि हरवलेली शब्दयादी तिथून पुन्हा सुरू केली. ही फाइल कुठल्याही प्रोग्रॅमच्या फोल्डरात नाही. लिबरऑफिसचा स्वतःचा शब्दकोशही साध्या मजकुराचाच असतो, त्यामुळे शब्द हवे तेव्हा त्याच्यात ओतता येतात आणि त्याच्यातून परत काढता येतात.

माझी भाची अभियांत्रिकीला आहे. तिच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू दोन्ही आहेत. गेल्या वर्षी तिनं विचारलं, “मावशी, एकच फोल्डर करून सगळे प्रोग्रॅम त्यात टाकले तर?” मी सरळ नाही म्हटलं आणि तिच्या शेजारी बसले. आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभा हायबरनेट होतो. माझ्या एक्सपीनं जे केलं ते आता न सांगता घडू शकतं. पायथनचं आभासी वातावरण तिनं सामाईक ड्राइव्हवर ठेवलं होतं. विंडोज त्यात ‘स्क्रिप्ट्स’ नावाचं फोल्डर शोधतं आणि लिनक्स ‘बिन’, शिवाय आतल्या कित्येक फाइली एकाच सिस्टिमसाठी बांधलेल्या असतात. ते दोन्हीकडे वेगळं केलं. सामाईक राहिली फक्त तिनं लिहिलेली फाइल आणि लागणाऱ्या पॅकेजांची यादी.

मग मी विचारलं, की तुझं काम नेमकं कुठे कुठे साठतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सर्किट काढायचा एक जुना प्रोग्रॅम ती वापरते. ती म्हणाली, “त्याच्याच फोल्डरात, प्रोग्रॅम फाइल्समध्ये.” उबुंटूतून ते फोल्डर उघडलं तर तिची एकही आकृती तिथे नव्हती. ती घाबरली. व्हिस्टापासून विंडोज जुन्या प्रोग्रॅमांना प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही. प्रोग्रॅमला तिथेच लिहिलं असं वाटू देतं आणि फाइल प्रत्यक्षात वापरकर्त्याच्या फोल्डरात, अ‍ॅपडेटाच्या आत, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या जागी ठेवतं. त्या प्रोग्रॅममधून पाहिलं की ती मूळ जागी असल्यासारखी भासते. तिच्या दोन सत्रांच्या आकृत्या तिथे मिळाल्या. त्या आम्ही सगळ्यात आधी बाहेर काढल्या, मग बाकीचं हातात घेतलं.